वार अंगावर घेणे म्हणजे बचाव नव्हे

असर आणि मगरिबच्या दरम्यान शाळेच्या पटांगणात किंवा शादीखान्याच्या रिकाम्या हॉलमध्ये पांढऱ्या पोशाखातली मुले-मुली रांगेत उभी असलेली आता लहान गावांतूनही दिसतात. कराटेचा क्लास चालू असतो. सर आकडे मोजतात, मुले हवेत ठोसे मारतात आणि दहाव्या ठोशाला सगळा हॉल एका सुरात ओरडतो. कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या अम्मी आणि दादी कौतुकाने पाहत असतात. प्रवेश घेताना पालकांचे प्रश्नही ठरलेले असतात. फी किती, पिवळा पट्टा कधी मिळेल, स्पर्धेला कधी नेणार, मुलींसाठी वेगळी वेळ आहे का? समोरून हात आला तर माझे लेकरू काय करील, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

खरे तर पहिल्याच दिवशी विचारावा असा प्रश्न तोच आहे. मारायला फार शिकावे लागत नाही. रागावलेले चार वर्षांचे मूलही मारते. येणारा वार चुकवणे, वळवणे, आणि चुकवता आलाच नाही तर तो डोक्यावर न घेता जिथे कमीत कमी नुकसान होईल तिथे घेणे, हे शिकायला वर्षे लागतात. क्लास चांगला की नुसताच गाजावाजा, हे ओळखण्याची खूणही तिथेच सापडते.

‘उके’ म्हणजे अडवणे नव्हे

कराटे ही ओकिनावा बेटावरची विद्या. ती जपानच्या मुख्य भूमीवर रुजवणाऱ्यांत गिचिन फुनाकोशी (१८६८-१९५७) यांचे नाव मोठे. ते पेशाने शाळाशिक्षक होते. १९२२ साली त्यांनी टोकियोत प्रात्यक्षिक दाखवले आणि पुढे तिथेच राहिले. कराटेत पहिला वार आपण करायचा नसतो, हे त्यांचे तत्त्व. ते केवळ भिंतीवर लावण्यासाठी नव्हते. ठरलेल्या हालचालींच्या मालिकेला कराटेत ‘काता’ म्हणतात. फुनाकोशींच्या परंपरेत नवशिक्यांना ‘हेइआन’ नावाच्या पाच काता शिकवतात आणि त्या पाचही बचावाच्या हालचालीने सुरू होतात. म्हणजे आधी समोरच्याचा हात आला आहे असे धरायचे, मग आपले काय ते.

या बचावाच्या हालचालींना जपानीत ‘उके’ म्हणतात. आपल्याकडे सर त्याला सरसकट ‘ब्लॉक’ म्हणतात आणि मुलांच्या मनात भिंतीचे चित्र उभे राहते : तिकडून हात आला, इकडून आपला हात आडवा घातला, धडक झाली. ‘उके’ हा शब्द मात्र घेणे, स्वीकारणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. आलेला वार घ्यायचा आणि त्याची वाट बदलून टाकायची.

वरून येणाऱ्या वारासाठी ‘आगे-उके’ आहे. हात कपाळाच्या वर जातो, पण आडवा राहत नाही. कोपर खाली, मनगट वर, असा तिरका राहतो. कौलारू छपराला उतार असतो म्हणून पाणी साचत नाही, ओघळून जाते, तसा वार हातावरून घसरून जातो. हात सपाट धरला तर सगळा भार हाडावर येतो. खालून पोटाकडे येणाऱ्या लाथेसाठी ‘गेदान-बाराई’ आहे. त्यातल्या ‘बाराई’चा अर्थच झाडून टाकणे असा होतो; केरसुणीने कचरा बाजूला सारावा तशी ती लाथ बाजूला सारायची. छातीच्या उंचीवर येणाऱ्या ठोशासाठी बाहेरून आत आणि आतून बाहेर अशा दोन हालचाली आहेत. या सगळ्यांत शेवटच्या क्षणी मनगट वळवतात. त्या वळण्यामुळे येणारा हात सरळ रेषेतून बाजूला ढकलला जातो. त्याच वेळी दुसरा हात जोराने कमरेकडे ओढायचा असतो. मुले हा भाग कवायतीसारखा करतात, पण हातात समोरच्याची बाही किंवा मनगट आले असेल तर तेच ओढणे त्याचा तोल घालवते.

सरळ येणारी ताकद समोरून थांबवायला तितकीच ताकद लागते. तीच बाजूने वळवायला थोडी पुरते. चाळीस किलो वजनाच्या मुलीला ऐंशी किलोच्या माणसाचा हात थांबवता येणार नाही. तो चार बोटे बाजूला सरकवता येईल, आणि चेहरा वाचवायला चार बोटे पुष्कळ असतात.

डोळा उशिरा पाहतो

असे असूनही काळ्या पट्ट्याची मुले प्रत्यक्ष झटापटीत मार खातात. याचे कारण त्यांच्या हातात नाही, डोळ्यांत आहे. डोळ्यांनी काहीतरी पाहून शरीराने साधी हालचाल सुरू करायला निरोगी माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. समोरून येणारे नेमके काय, ठोसा की लाथ, उजवीकडून की डावीकडून, हे ठरवायचे असेल तर त्याहून जास्त. हाताच्या अंतरावरून मारलेला ठोसा मात्र त्याआधीच पोहोचलेला असतो. थोडक्यात, समोरचा अगदी जवळ उभा असेल तर त्याचा हात पाहून मग आपला हात उचलू, हे गणित जमतच नाही.

म्हणून जाणते शिक्षक हाताच्या आधी पाय शिकवतात. इतक्या अंतरावर उभे राहायचे की समोरच्याला आपल्यापर्यंत पोहोचायला एक पाऊल टाकावेच लागेल. पाऊल टाकायला वेळ लागतो आणि ते दिसते. खांदा हलतो, कंबर वळते, अंगाचा भार पुढच्या पायावर येतो. ठोसा निघण्यापूर्वी ही सगळी खबर मिळते. त्यामुळे नजर समोरच्याच्या मुठीवर ठेवायची नसते, त्याच्या छातीवर आणि खांद्यांवर ठेवायची असते. मुठीकडे पाहणारा हमखास हुलीला फसतो. एक हात हलवून दाखवायचा आणि दुसऱ्याने मारायचे, हा सगळ्या मारामाऱ्यांतला जुना डाव आहे.

मागे सरकायचे तेही सरळ मागे नको. सरळ मागे जाणाऱ्यापेक्षा पुढे धावणारा नेहमीच वेगवान असतो, शिवाय मागे काय आहे ते दिसत नाही. तिरके, बाजूला पाऊल टाकले की समोरच्याला पुन्हा वळावे लागते आणि त्याचा दुसरा हात आपल्यापासून लांब पडतो. हनुवटी छातीकडे, खांदे किंचित वर, कोपरे बरगड्यांजवळ, हात गालांच्या उंचीवर. पवित्रा म्हणजे एवढेच. आपल्या जुन्या फरी-गदक्याच्या खेळातही डाव्या हातातल्या छोट्या फरीने सारे अंग झाकता येत नाही. उरलेले अंग पायांनीच वाचवायचे असते.

अलींचे पाय आणि अलींचे हात

बचावाचे हे दोन प्रकार, वार लागू न देणे आणि लागलेला वार सोसणे, एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायचे असतील तर मुहम्मद अली यांच्याकडे पाहावे. बॉक्सिंग हा कराटेहून वेगळा खेळ, पण येणाऱ्या ठोशाचे काय करायचे हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. अलींचे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरात १७ जानेवारी १९४२ रोजी जन्म, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक, २५ फेब्रुवारी १९६४ रोजी सोनी लिस्टनला हरवून वयाच्या २२ व्या वर्षी जगज्जेतेपद, आणि लगेच इस्लामचा जाहीर स्वीकार व नवे नाव. व्हिएतनाम युद्धात जायला त्यांनी दिलेला नकारही सर्वांना ठाऊक आहे. रिंगणात ते मार कसा चुकवत होते, याबद्दल आपल्याकडे त्या मानाने फार कमी बोलले गेले.

त्या काळातले तज्ज्ञ अलींची पद्धत चुकीची मानत. ते हात कमरेजवळ सोडून उभे राहत. ठोसा आला की डोके बाजूला न काढता सरळ मागे झुकत. हे तर कुठलाही प्रशिक्षक पहिल्या आठवड्यात मोडून काढतो. पण त्यांचे पाय इतके चपळ आणि अंतराचा अंदाज इतका अचूक होता की ठोसा नाकापुढे दोन बोटांवर संपायचा. १९६४ ते १९६७ या काळातल्या चित्रफिती पाहा. वजनदार गटातला सहा फूट तीन इंची माणूस रिंगणभर तरंगत फिरतो आणि समोरच्याचे निम्मे ठोसे हवेत जातात. कसलेला मल्लही दमतो तो असा. लागलेल्या ठोशापेक्षा हुकलेला ठोसा जास्त दमवतो.

२८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनमध्ये त्यांनी सैन्यभरती नाकारली. जगज्जेतेपद गेले, खेळण्याचे परवाने गेले. वयाच्या २५ पासून २८ पर्यंत, म्हणजे शरीराच्या सर्वांत चांगल्या वर्षांत, ते रिंगणाबाहेर राहिले. ऑक्टोबर १९७० मध्ये परतले तेव्हा मन तेच होते, जीभही तीच होती, पाय मात्र ते राहिले नव्हते. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये जो फ्रेझरने पंधराव्या फेरीत डाव्या हाताच्या हुकने त्यांना खाली पाडले आणि अली आयुष्यात पहिल्यांदा व्यावसायिक लढत हरले. १९७३ मध्ये केन नॉर्टनने त्यांचा जबडा मोडला.

पाय देत नाहीत म्हटल्यावर अलींनी दुसरा बचाव शोधला, आणि तोच सर्वाधिक गाजला. ३० ऑक्टोबर १९७४, किन्शासा. समोर २५ वर्षांचा, एकही लढत न हरलेला जॉर्ज फोरमन. ज्या फ्रेझर आणि नॉर्टनने अलींना हरवले होते, त्या दोघांनाही फोरमनने दुसऱ्याच फेरीत गारद केले होते. अली ३२ वर्षांचे. दुसऱ्या फेरीपासून ते रिंगणाच्या दोरांना टेकले, दोन्ही हातांनी तोंड झाकले, कोपरे बरगड्यांवर घट्ट धरली आणि फोरमनला मारू दिले. दोर सैल होते, त्यामुळे मागे झुकता येत होते आणि धक्क्याचा काही भाग दोरांत जात होता. बरेच ठोसे हातांवर आणि दंडांवर बसले, काही चेहऱ्याजवळून गेले, काही लागलेही. फोरमन दमला. आठव्या फेरीत अली दोरांवरून सुटले आणि काही ठोशांत फोरमन जमिनीवर होता.

जगाने टाळ्या वाजवल्या. डाव खरोखर हुशारीचा होता यात वाद नाही. पण त्या रात्री जे यशस्वी ठरले ते पुढे सवयीचे झाले. अली सरावातही साथीदारांना स्वतःला मारू द्यायचे, अंग कणखर व्हावे म्हणून. पोट आणि दंड असे कणखर होतातही. मेंदू होत नाही.

सुमारे अकरा महिन्यांनी, १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलाच्या उकाड्यात फ्रेझरशी तिसरी लढत झाली. चौदा फेऱ्या दोघांनी एकमेकांना मारले. पंधराव्या फेरीआधी फ्रेझरच्या प्रशिक्षकाने, एडी फच यांनी, आपल्या माणसाचे डोळे पाहून लढत थांबवली. मृत्यूच्या इतक्या जवळ आपण कधी गेलो नव्हतो, असे जिंकलेले अली नंतर सांगत. तिथे थांबायला हवे होते, असे त्यांचे हितचिंतकच पुढे म्हणाले. सप्टेंबर १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सशी झालेल्या लढतीनंतर त्यांचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी मूत्रपिंडावर परिणाम दिसत असल्याचा अहवाल संबंधितांना पाठवला. उत्तर आले नाही, आणि पाचेको गटातून बाहेर पडले. रिंगणाच्या कोपऱ्यात इतकी माणसे उभी असतात. त्यांपैकी एकाने उठून जाण्याचे धैर्य दाखवले. अली मात्र खेळत राहिले. त्यांचे बोलणे जड होऊ लागल्याचे त्या वर्षांत जवळच्यांना जाणवत होते. ऑक्टोबर १९८० मध्ये, ३८ व्या वर्षी, ते लॅरी होम्ससमोर उभे राहिले. होम्स कधीकाळी त्यांचाच सरावातला साथीदार. दहा फेऱ्या एकतर्फी मार खाल्ल्यावर त्यांचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली. तरीही डिसेंबर १९८१ मध्ये आणखी एक लढत झालीच.

१९८४ मध्ये त्यांना पार्किन्सन्स असल्याचे निदान झाले. वय ४२. या आजाराची कारणे अनेक असू शकतात आणि एकट्या बॉक्सिंगवर बोट ठेवणे डॉक्टरांनाही सोपे नाही. डोक्याला वारंवार बसलेल्या माराचा त्यात वाटा असावा, असे मानणारे मात्र पुष्कळ आहेत. १९९६ साली अटलांटात ऑलिंपिकची ज्योत पेटवताना त्यांचा थरथरणारा हात साऱ्या जगाने पाहिला. ३ जून २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. शेवटची तीस वर्षे त्यांच्या पत्नी लॉनी यांनी त्यांना सांभाळले. रिंगणातले हिशेब असे घरात येऊन चुकते होतात.

डोक्याचे गणित वेगळे

मेंदू साधारण सव्वा ते दीड किलोचा, मऊ, आणि कवटीच्या आत द्रवात तरंगणारा. जबड्यावर बाजूने ठोसा बसला की डोके झटकन वळते. मेंदू क्षणभर मागे राहतो, मग वळतो, मग आतून आपटतो. त्या पिळवटण्यात बारीक तंतू ताणले जातात. बाहेर खूण दिसेलच असे नाही. अमेरिकेतले डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ सालीच लिहून ठेवले होते की वर्षानुवर्षे डोक्यावर मार खाल्लेले मुष्टियोद्धे पुढे दारू न पिताही झिंगल्यासारखे चालतात, बोलतात.

पालकांना डोक्यावरच्या गादीदार टोपीचा मोठा दिलासा वाटतो. निखत जरीनने २०२२ मध्ये इस्तंबूलला जागतिक अजिंक्यपद जिंकले तेव्हा तिच्या डोक्यावर ती होती. पुरुषांच्या हौशी बॉक्सिंगमधून मात्र ती २०१३ पासून काढून टाकली गेली. ती टोपी काय करते हे समजून घ्यावे. भुवई फाटत नाही, कानाला लागत नाही, टेंगूळ कमी येते. डोक्याचे झटकन वळणे ती थांबवू शकत नाही, म्हणून आतल्या मेंदूला फारसे संरक्षणही देऊ शकत नाही. टोपी आहे म्हणून मुले एकमेकांच्या डोक्यावर बिनधास्त मारत असतील तर टोपीचा तोटाच जास्त.

इथे एक हदीस सर्वांना आठवेल. लढताना किंवा मारताना चेहरा टाळावा, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. १९८७ साली मक्का येथे राबिता-ए-आलमे इस्लामीच्या फिकह परिषदेने दहाव्या अधिवेशनात, सध्या ज्या स्वरूपात बॉक्सिंग खेळले जाते ते शरीअतनुसार हराम असल्याचे ठरवले. समोरच्याला गंभीर इजा करणे हेच ज्या खेळात ग्राह्य धरले जाते, तो खेळ म्हणून मान्य करता येत नाही, असा त्यामागचा विचार. अलींवर प्रेम करणारी आणि निखतच्या पदकाने आनंदलेली घरे या ठरावाकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतील. त्याचा निवाडा इथे करायचा नाही. पण मुलाच्या क्लासमध्ये चेहऱ्यावर किती आणि कसे मारले जाते, हे पाहण्यावाचून कोणत्याही घराला सुटका नाही.

स्पर्धेच्या कराटेत हा विचार नियमातच आहे. चेहऱ्याकडे जाणारा वार आवरता आला पाहिजे. प्रमाणाबाहेर जोर लागला तर मारणाऱ्यालाच दंड. टोकियो ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी पुरुषांच्या सर्वांत वजनदार गटाची अंतिम लढत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी आणि इराणचा सज्जाद गंजजादेह यांच्यात झाली. हमेदी ४-१ ने पुढे होता. तेवढ्यात त्याची उंच लाथ गंजजादेहला लागली, तो बेशुद्ध पडला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. इतर कुठल्या खेळात हा विजयाचा क्षण ठरला असता. पंचांनी हमेदीला प्रमाणाबाहेर जोर लावल्याबद्दल बाद केले आणि सुवर्णपदक गंजजादेहला मिळाले. सौदीला पहिले ऑलिंपिक सुवर्ण हुकल्याची हळहळ तिकडे खूप झाली. माझ्या मते त्या दिवशीचा निर्णय आपल्या प्रत्येक कराटे क्लासमध्ये मुलांना सांगावा इतका मोलाचा आहे.

क्लासमध्ये काय पाहावे

एक संध्याकाळ काढून क्लास पाहावा, मोबाइल खिशात ठेवून. जमीन आधी पाहावी. डोक्याच्या गंभीर इजा पुष्कळदा ठोशाने होत नाहीत. ठोशाने तोल जातो आणि डोके फरशीवर आपटते, तेव्हा होतात. फरशीवर किंवा सिमेंटवर मुलांना जोडीने लढवत असतील तर गादीचे विचारावे, आणि गादी येईपर्यंत लढत नको म्हणून सांगावे. पडायचे कसे हे शिकवतात का? हनुवटी छातीला लावून, पाठ गोल करून, हात जमिनीवर पसरून पडणे ज्युदोत पहिल्या दिवसापासून शिकवतात, कराटेच्या कित्येक क्लासमध्ये ते होतच नाही.

जोडीचा सराव कसा चालतो ते पाहावे. सुरुवातीला एकाने सांगून, हळू, ठरलेल्या जागी मारायचे आणि दुसऱ्याने ते वळवायचे, मग हळूहळू वेग वाढवायचा, हा बरोबर क्रम आहे. मुले वर्षभर केवळ हवेत हात हलवत असतील तर त्यांना बचाव येणार नाही. आणि पहिल्याच महिन्यात दहा वर्षांच्या मुलाला चौदा वर्षांच्या मुलासमोर उभे करून ‘मार खाल्ल्याशिवाय भीती जात नाही’ असे सर म्हणत असतील, तर मूल घरी आणावे. मार खाल्ल्याने भीती जात नाही, ठोसा येताच डोळे मिटण्याची सवय लागते. वार्षिक संमेलनात कौले फोडणे, पोटावर फरशी ठेवून हातोडा मारणे, हे प्रकार टाळ्यांसाठी आहेत. त्यांचा बचावाशी काही संबंध नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट सुचवावीशी वाटते. सराव सैल पायजम्यात, अनवाणी होतो. प्रसंग मात्र एसटी स्टँडवर, अबाया घातलेला असताना, पायात सँडल आणि खांद्याला बॅग असताना येतो. महिन्यातून एक दिवस रोजच्याच कपड्यांत सराव ठेवा, असे सरांना सांगावे. अबायात लांब पाऊल पडत नाही, ओढणी किंवा बॅगेचा पट्टा ओढला गेला तर तोल जातो. हे आधी हॉलमध्ये कळलेले बरे. बाजूला छोटी दोन पावले टाकणे अबायात जमते, आणि बहुधा तेवढी पुरतात.

रस्त्यावर कोणी अंगावर येत असेल तर मुठी आवळून कराटेचा पवित्रा घेऊ नये. दोन्ही तळवे उघडे, छातीच्या उंचीवर पुढे, एक पाय मागे, आणि मोठ्याने ‘मागे व्हा’. पाहणाऱ्याला यात भांडण दिसत नाही, उलट थांबवण्याची विनंती दिसते आणि आवाजाने चार माणसे वळून पाहतात. पण हात आधीच वर आलेले असतात आणि अंतर राखले जाते. थप्पड आली तर ती वळवायला तळवा जवळच असतो. संधी मिळाली की तिथून निघून जायचे. चाकू दिसला तर सगळे डाव विसरून पळायचे. बॅग, पर्स, मोबाइल टाकून द्यायचे. चाकूवाल्याचा हात पकडण्याचे डाव शिकवणारे शिक्षक लाकडी चाकूने शिकवतात, आणि लाकडी चाकूने कोणी मरत नाही.

शेवटी एक काम घरचे आहे. क्लासहून आलेले मूल डोक्याला लागल्याचे सांगेल किंवा लपवेल. पट्ट्याची परीक्षा तोंडावर असेल तर हमखास लपवेल. डोके दुखणे, मळमळ, उजेड नकोसा होणे, गोंधळल्यासारखे वागणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, नेहमीपेक्षा चिडचिड, यांपैकी काही दिसले तर त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरांना दाखवावे. बेशुद्धी, पुन्हा पुन्हा उलटी, झटके, उठवूनही नीट जाग न येणे, एक बाहुली मोठी दिसणे, हातापायात कमजोरी असे काही असेल तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. बर्फ लावला, हळदीचे दूध दिले आणि झोपवले, असे करू नये. पहिली इजा बरी होण्याआधी डोक्यावर दुसरा मार बसला तर तो जास्त धोक्याचा असतो. म्हणून डॉक्टर परवानगी देईपर्यंत जोडीचा सराव नाही, आणि परवानगी मिळाल्यावरही आधी चालणे-धावणे, मग एकट्याने काता, मग हळू जोडी, मग लढत. सरांना हे फोनवर न सांगता चिठ्ठीवर लिहून द्यावे. परीक्षा आली असेल तर ती पुढच्या खेपेला द्यावी.